मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

सर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, मॅडम, शोकप्रस्ताव तुम्हीच लिहा, सरांची भाषा तुम्हाला माहितीय. नऊ वर्षं मी सरांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर बसलेय, पत्रं, टिपण्या, अहवाल, सगळ्याचे मसुदे मीच करायचे, त्यामुळे तसं ते बरोबरच होतं. पण मसुदा माझा आणि भाषा त्यांची असा प्रकार होता, कारण माझं निम्मं लिहिलेलं ते हिरव्या पेनाने काटायचे. आता काटणारा माणूसच नाही आणि लिहायचंय त्याच्यावरच, हे प्राचार्यांना काय सांगणार, हो म्हटलं आणि बाहेर आले.

सर म्हणजे आमच्या कॉलेजचे आधीचे प्राचार्य. अडीच वर्षांपूर्वी राज्यातल्याच एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि मुंबई सोडून गेले. कुलगुरूपदाची मुदत पाच वर्षांची, त्यातली निम्मी झाली होती. वय ५४.

गेले शुक्रवारी पहाटे. मंगळवारी मला त्यांचा फोन आला होता, एका जुन्या फाइलचं विचारायला, त्यात मधेच म्हणाले की दोन दिवस ॲसिडिटी फार झालीय, छातीत वर येतंय, सोडा पितोय. मी म्हटलं, सर, रात्री उशिरा जेवत जाऊ नका. एवढंच. आणि पुन्हा फाइलवर आलो. नंतर आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने, जो आता हार्टचा डॉक्टर आहे, सांगितलं की पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ, जबडा दुखणं, घाम, जिना चढताना धाप, हे सगळं हृदयाचं असू शकतं आणि डायबेटिस असला की कधीकधी धड दुखतसुद्धा नाही, म्हणून या वयात असली नवीन ॲसिडिटी दोन दिवस टिकली तर आधी ईसीजी काढायचा, सोडा नंतर. सरांना डायबेटिस होता. मला माहीत होतं, कॉलेजात असताना त्यांच्या गोळ्यांची एक स्ट्रिप कायम माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. ईसीजीला दहा मिनिटं लागतात. ते मंगळवारचं बोलणं मी किती वेळा डोक्यात पुन्हा केलंय ते जाऊ दे.

त्यांना मुंबईला आणलं रात्रीच्या ॲम्ब्युलन्सने. सरांचं घर मुलुंडला, पण आई दादरच्या जुन्या घरात, ८४ वर्षांच्या, दोन जिने उतरून त्या कुठे जाणार, म्हणून सरांनाच तिकडे नेलं. ते जिने इतके अरुंद की स्ट्रेचर वळेना, शेवटी आमच्या जिमखान्याच्या पोरांनी चादरीत उचलून वर नेलं. आई रडल्या नाहीत. त्या पायाशी बसल्या, सरांचा अंगठा हातात धरला आणि म्हणाल्या, नखं कापली नाहीयेत याने. मग सुनेकडे बघून पुन्हा तेच. खोलीत राजकारणी होते, दोन-तीन माजी कुलगुरू होते, बाहेर गॅलरीत हारांचा ढीग पडला होता, आणि सगळ्यांना ते वाक्य ऐकू गेलं.

मधे कुणीतरी शासकीय इतमामासाठी मंत्रालयात फोनाफोनी करत होतं. त्याला वरून आदेश लागतो, तसा सहज मिळत नाही, आणि वहिनी, म्हणजे सरांची बायको, स्वच्छ म्हणाल्या की असू दे, पाऊस थांबलाय तोवर निघू या. वहिनी स्वतः आल्या म्हणून आम्ही चार-पाच बायकाही गेलो, शिवाजी पार्कला, भागोजी कीर स्मशानभूमीत. चैत्यभूमी अगदी शेजारी, मागे समुद्र, भरती होती बहुतेक, आवाज येत होता. तिथल्या खिडकीवर कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, सवयीने. हॉस्पिटलचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि आधार कार्ड दाखवायचं. अनेकांना माहीत नसतं म्हणून लिहितेय, की मृत्यू जिथे होतो नोंद तिथल्याच नगरपालिकेत होते, दहन कुठे झालं त्याने फरक पडत नाही. तर सरांचा दाखला मुंबई महापालिकेकडून मिळणारच नव्हता, आणि २१ दिवसांत नोंद झाली की कटकट नसते, त्यानंतर उशिराची फी आणि परवानग्या सुरू होतात. खिडकीतल्या माणसाने विचारलं, व्यवसाय? माझ्या मागे उभ्या असलेल्या एका सरांनी घाईघाईने सांगितलं, कुलगुरू, व्हाइस चॅन्सलर. त्याने मान वर केली नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, नोकरी.

सरांना ते आवडलं असतं. खरंच.

तोपर्यंत व्हॉट्सॲपवर सर शिक्षणमहर्षी झाले होते. ज्ञानसूर्य मावळला, असा एक फोटो फिरत होता ज्यात खरोखरचा मावळता सूर्य होता आणि खाली सरांचा चेहरा, जन्मसाल चुकीचं. एका ग्रुपवर चुकीचं साल दुरुस्त केलं तर दुसऱ्या तीन ग्रुपांवर तेच फिरत राहिलं. मी हे चेष्टेने म्हणत नाहीये, माणसांना खरोखर वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटलं की आपल्या हाताशी जे शब्द असतात तेच आपण फेकतो ना, आणि आपल्याकडे शोकाचे शब्द म्हणजे ठरलेले सात-आठच.

शोकसभेसाठी मोठा फोटो हवा होता. हा एक वेगळाच व्याप. सरांचे फोटो शेकड्याने, पण प्रत्येकात ते कुणाला तरी शाल-श्रीफळ देतायत नाहीतर दीपप्रज्वलन करतायत, समोर बघणारा एकही नाही. शेवटी माझ्याच कपाटात ओळखपत्रासाठी काढलेला एक सापडला, तो पेनड्राइव्हवर घेऊन स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले. तिथल्या मुलाने अर्ध्या तासात स्क्रीन माझ्याकडे वळवला. मागे निळं आभाळ. चेहरा दोन शेड गोरा. कपाळावरची आठी गायब, चष्म्यावरची चमक गायब. आणि खिशावरचा डाग गायब. सरांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या खिशाला खालच्या बाजूला हिरव्या शाईचा एक डाग असायचा, कधी बोराएवढा, कधी रुपयाएवढा, वहिनींनी लिंबू, मीठ, दूध सगळं करून बघितलेलं. मी म्हटलं, तो डाग परत आण. तो म्हणाला, मॅडम, लोक डाग काढायचे पैसे देतात. मी म्हटलं, मी लावायचे देते. त्याने केलं बिचाऱ्याने, आभाळही काढलं, आठी मात्र परत आणताना थोडी जास्त झाली आणि सर जरा रागावल्यासारखे दिसायला लागले, ते राहू दिलं.

आता प्रस्ताव. पहिला मसुदा मी पाच मिनिटांत टाइप केला, बोटांना पाठच आहे. यांच्या अकाली व दुःखद निधनाने शैक्षणिक क्षेत्राची अपरिमित हानी झाली असून कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. एवढं टाइप केलं आणि थांबले, कारण हेच वाक्य मी सरांसमोर एकदा ठेवलेलं होतं.

झालं असं होतं की आमच्या लायब्ररीचे शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणायचे, रिटायर व्हायला चार महिने असताना गेले. मी शोकपत्र तयार करून सहीला ठेवलं. सरांनी पोकळीवर हिरवी रेघ मारली आणि मला आत बोलावलं. म्हणाले, अहो बाई, इथे लिहिता पोकळी कधीही भरून येणार नाही, आणि त्याच जागेसाठी पुढच्या महिन्यात जाहिरात द्यायची टिपणीही तुम्हीच ठेवणार. एकाच खात्यातून दोन खोटी विधानं कशी जाऊ देऊ? मग विचारलं, मामा काय करायचे? मी म्हटलं, लायब्ररी उघडायचे. किती वाजता? साडेसात. किती वर्षं? सर्व्हिस बुक काढलं, ३१ वर्षं. मग त्यांनी स्वतः लिहिलं, मामांनी ३१ वर्षं सकाळी साडेसातला ग्रंथालय उघडलं. खाली सही. मामांच्या घरी ते पत्र फ्रेम करून लावलंय, मी बघितलंय.

तर माझी पोकळी मीच डिलीट केली. आणि मग चार दिवस काही सुचेना. विशेषणं काढली की लक्षात येतं आपल्याला माणसाबद्दल नक्की किती माहितीय. लोकांना विचारत हिंडले. प्राध्यापक म्हणाले द्रष्टे होते, मी विचारलं म्हणजे काय केलं, तर थोडा वेळ थांबून म्हणाले, मीटिंग वेळेत संपवायचे. हे लिहून घेतलं. अकाउंट्समधल्या एकाने सांगितलं की सरांच्या काळात कुणाच्याही निरोपसमारंभाची तारीखच ठरायची नाही, जोवर त्याच्या पेन्शनचे कागद सहसंचालक कार्यालयाकडे गेल्याची पोच दाखवत नाही तोवर. ज्यांनी पेन्शनसाठी खेटे घातलेत त्यांना याची किंमत विचारा. कँटीनवाल्या अण्णांनी सांगितलं की ॲडमिशनच्या पहिल्या दिवशी सर फॉर्मच्या खिडकीत स्वतः बसायचे, हे मलाही माहीत होतं पण कारण माहीत नव्हतं, अण्णांना सर म्हणाले होते की फॉर्ममधला कुठला रकाना पोरांना कळत नाही ते तिथे बसल्याशिवाय समजत नाही. पुढच्या वर्षी तो रकाना बदललेला असायचा.

आणि एक गोष्ट माझी स्वतःची. मी दादरला लेडीज डब्यातून उतरायचे आणि कितीतरी वेळा सर शेजारच्या सेकंड क्लासच्या डब्यातून उतरताना दिसायचे, गर्दीत चष्मा सांभाळत, शर्ट चुरगळलेला. प्राचार्य माणूस. तर मी लिहिलं, प्राचार्यपदी असूनही साधेपणामुळे सरांनी नऊ वर्षं मुलुंड ते दादर प्रवास लोकलच्या सेकंड क्लासने केला. सगळ्या प्रस्तावात तो एकच शब्द मी मोहाने घातला, साधेपणामुळे. वाटलं, एवढा चालेल.

कॉलेज विकास समितीची खास सभा दुपारी झाली, प्रस्ताव सगळ्यांनी उभं राहून मंजूर केला, आणि संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये शोकसभा. फुलं पहाटे दादरच्या फुलबाजारातून आणलेली, नुसता पांढरा शेवंतीचा हार, निशिगंध वहिनींनी नको सांगितला होता, त्या वासाने सरांचं डोकं दुखायचं. वक्ते पाच ठरले, बोलले अकरा. शोकसभेत हे नेहमी होतं, दोन शब्द म्हणत जो उठतो तो स्वतःच्या करिअरपासून सुरू करतो. एका पाहुण्यांनी सरांची तुलना न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांशी केली, आणि म्हणाले, मुंबई विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मी मागे उभी होते, चुळबुळ झाली, कारण पहिले नव्हेत, पहिले भारतीय. विद्यापीठ सुरू झालं १८ जुलै १८५७ ला, तेलंग कुलगुरू झाले १८९२ मध्ये, मधली ३५ वर्षं त्या खुर्चीत गोरेच होते. हे मला सरांमुळेच पाठ, दरवर्षी नव्या मुलांना ते फोर्टला राजाबाई टॉवर दाखवायला घेऊन जायचे, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले ती गोष्ट सांगायचे आणि मग तेलंगांवर यायचे. की हायकोर्टाचा न्यायाधीश, काँग्रेसच्या स्थापनेत पुढे, भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेलं, आणि कुलगुरूपदावर असताना १८९३ मध्ये गेले तेव्हा वय फक्त ४३. आणि पुढे ठरलेलं वाक्य, ४३ व्या वर्षी मी ग्रॅच्युइटीची एक हरवलेली फाइल शोधत होतो. पोरं हसायची. मीही दरवेळी हसायचे, ती फाइल माझ्याकडूनच हरवली होती.

सभेत शेवटच्या रांगेत तीन माणसं बसली होती. पन्नाशी-साठीची, ऑफिसच्या बॅगा मांडीवर, एकाच्या हातात ओली छत्री. आमच्यातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मला वाटलं विद्यापीठाकडून आलेत, चहाचं विचारायला गेले तर नको म्हणाले. चौथ्या की पाचव्या भाषणाला तिघंही एकदम उठले, पुढे येऊन सरांच्या फोटोला हात जोडले, त्यातल्या एकाने खिशावरच्या डागाकडे बोट करून दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले, आणि घड्याळ बघत निघून गेले. शोकसभेत हसणारे म्हणून मला थोडा रागच आला त्यांचा.

स्मारकाचंही बरंच चाललं होतं. कुणाला अर्धपुतळा हवा होता, कुणाला हॉलला नाव. वहिनींनी पुतळ्याला सरळ नाही सांगितलं. शेवटी बक्षिसाचा निधी ठरला, आणि त्यात उत्साहाच्या मानाने गणित फार रुक्ष असतं, मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, म्हणजे एक लाख ठेवले तर वर्षाला साधारण सहा-सात हजारांचं बक्षीस, बस. शिवाय इन्कम टॅक्समधली ८०जीची सवलत हवी तर दोन हजारांवरची देणगी रोख चालत नाही, हे मी किमान शंभर माणसांना फोनवर सांगितलं. माजी विद्यार्थी मोठ्या पगाराचे, पण रोख द्यायचा आग्रह का असतो कळत नाही.

दोन महिन्यांनी पेपरात जाहिरात आली, त्या विद्यापीठाच्या कुलगुरूपदासाठी अर्ज मागवल्याची. कधीतरी येणारच होती, कुलपती, म्हणजे राज्यपाल, असं पद नुसतं प्रभारावर किती दिवस ठेवणार. पात्रता, अनुभव, शेवटची तारीख. मी ती कापून फाइलला लावली. का लावली माहीत नाही, तिला आमच्याकडे फाइल नंबरसुद्धा नव्हता.

प्रस्तावाची प्रत कुटुंबाला पाठवायची पद्धत असते. ती मी जावक नंबर टाकून, वर एक साधं पत्र जोडून मुलुंडच्या पत्त्यावर पाठवली. आठवड्याने वहिनींचा फोन.

म्हणाल्या, अगं, छान लिहिलंयस, पेन्शनचं वाचून मला त्यांची ती धावपळ आठवली. पण एक विचारू का? सेकंड क्लासचं तुला कुणी सांगितलं?

मी म्हटलं, वहिनी, मी स्वतः बघायचे ना, रोज.

त्या हसायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण मधेच खोकला आला. म्हणाल्या, अगं त्यांच्याकडे फर्स्ट क्लासचा पास होता, दर तीन महिन्यांनी मीच काढून आणायचे. सेकंडमध्ये चढायचे ते मेंढीकोटसाठी. त्यांचा ग्रुप होता चौघांचा, मुलुंडला जागा धरायचे, बॅग मांडीवर ठेवून पत्ते. एक बँकेतला, एक गोदीतला, एकाचं दुकान आहे परळला. दादर आलं तरी डाव संपलेला नसायचा, दोनदा परळपर्यंत गेलेत आणि उलट आलेत. शिक्षकांना कळेल म्हणून तुमच्यात कधी बोलले नाहीत. कुलगुरू झाल्यावर सुटीला इकडे आले की सोमवारी सकाळी मुद्दाम ती गाडी पकडायचे, एक फेरी मारून यायचे, बस्स.

मी विचारलं, ते तिघं शोकसभेला आले होते का?

हो, आले होते की. घरीही आले. म्हणाले, वहिनी, शाईचा डाग आमच्याच गाडीतला आहे, पत्ता जोरात आपटला की खिशातल्या पेनाचं टोपण निघायचं.

तिमाही सभा आली. विषय क्रमांक १ नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आजवर मी तो विषय दीड मिनिटात संपताना बघितलाय, कुणी ऐकत नाही, सगळे वेफर्स खात असतात. मी प्राचार्यांना आधी सांगून ठेवलं होतं, ते नुसते बघत राहिले होते माझ्याकडे, पण नाही म्हणाले नाहीत. तर इतिवृत्त वाचून झाल्यावर मी उभी राहिले आणि दुरुस्ती वाचली. शोकप्रस्तावातील साधेपणामुळे हा शब्द वगळावा व त्याजागी मेंढीकोट खेळण्यासाठी असे वाचावे.

अध्यक्ष म्हणाले, अहो मॅडम, हे रेकॉर्डवर जाणार आहे.

मी म्हटलं, हो, म्हणूनच.

एक मिनिट कुणी काही बोललं नाही. मग वहिनींनी फोनवर सांगितलेलं सगळं मी सांगितलं, पास, बॅग, परळ, टोपण. गणिताच्या मॅडम रडायला लागल्या, म्हणजे आधी हसल्या आणि मग. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, विचारलं, सूचक कोण? मॅडमनी हात वर केला. अनुमोदक? तीन हात एकदम वर आले, मी त्यातलं पहिलं नाव घेतलं. दुरुस्ती रजिस्टरमध्ये लिहिली, निळ्या पेनाने, हिरवी शाई आम्हाला चालत नाही. अध्यक्षांनी खाली सही केली आणि म्हणाले, विषय क्रमांक २ घ्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची गळती.